पीएसएलव्हीच्या चार टप्प्यांना वळवायच्या चार वेगळ्या पद्धती का?

लंबक
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही इलेक्ट्रिक डक्टेड फॅनवर उभं राहणारं एक छोटं यान करतोय. खरी रॉकेट मोटर वापरायची परवानगी नाही आणि तशी गरजही नाही. थ्रस्टची (हवा मागे फेकून मिळणाऱ्या जोराची) दिशा बदलून यान सरळ उभं ठेवायचं, एवढंच दाखवायचं आहे. फॅन ७० मिमीचा, बॅटरी ४ सेलची, थ्रस्ट साधारण १.८ किलो, यानाचं एकूण वजन दीड किलोच्या आत.

तयारी म्हणून इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटबद्दल वाचत होतो, तर पहिल्या टप्प्यात नोझलमध्ये द्रव फवारतात, दुसऱ्यात अख्खं इंजिन हलवतात, तिसऱ्यात फक्त नोझल हलतं आणि चौथ्यात दोन छोटी इंजिनं गिंबलवर (झुकवता येणाऱ्या सांध्यावर) आहेत. एकाच रॉकेटला इतक्या तऱ्हा कशासाठी? एक चांगली पद्धत निवडून चारही टप्प्यांत का वापरत नाहीत?

दुसरा प्रश्न आमच्या रिगचा. फॅन गिंबलवर बसवावा की फॅनच्या खाली झडपा (हवेचा झोत वळवणाऱ्या पात्या) लावाव्यात? आणि चालू करण्याआधी काय तपासावं?

जडत्व
लंबक, पद्धत इंजिनाच्या जातीवरून ठरते. निवडीला वाव फार कमी असतो. टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिला टप्पा घन इंधनाचा, सुमारे १३९ टन. घन मोटरमध्ये दहनकक्ष आणि इंधनाची टाकी एकच असते, म्हणजे द्रव इंजिनासारखं 'इंजिन' वेगळं काढून हलवायची सोयच नाही. हलवायचंच तर नोझल हलवावं लागतं. ४८०० किलोन्यूटनच्या आसपास थ्रस्ट देणाऱ्या मोटरचं नोझल हलवायचं म्हणजे तितकाच मोठा लवचीक सांधा आणि तितकेच दांडगे अ‍ॅक्च्युएटर (तो हलवणारी यंत्रं) हवेत. त्याऐवजी इथे नोझल जागचं हलत नाही. त्याच्या रुंदावत जाणाऱ्या भागात गोल कड्यात २४ छिद्रं आहेत. हव्या त्या बाजूच्या छिद्रांतून स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं पाण्यातलं द्रावण आत सोडतात. मोटरच्या बाजूला बांधलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळकांडी टाक्यांत हे द्रावण असतं आणि नायट्रोजनच्या दाबाने ते पुढे ढकललं जातं.

आत काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. नोझलमधला वायू ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने चाललेला असतो. त्यात बाजूने द्रव घुसला की वाहत्या ओढ्यात मधेच दगड आल्यावर पाणी जसं त्याच्या पुढ्यात फुगतं, तसा तिथे धक्कातरंग उभा राहतो. त्यामागे दाब एकदम वाढतो आणि हा वाढलेला दाब नोझलच्या त्याच बाजूच्या भिंतीला बाहेर रेटतो. शिवाय द्रव आत फेकल्याची प्रतिक्रिया त्याच दिशेला मिळते. म्हणजे उजवीकडून फवारलं तर रॉकेटची शेपूट उजवीकडे जाते आणि नाक डावीकडे. अनेक जण हे उलट धरून बसतात. द्रावण साधं पाणी नसून ऑक्सिजन देणारं का, तर ते नोझलमध्ये विघटन पावतं, वायू आणि उष्णता देतं, त्यामुळे तितक्याच वजनात आडवा जोर जास्त मिळतो.

छिद्रांची जागाही महत्त्वाची. घशाच्या फार जवळ फवारलं तर धक्कातरंग समोरच्या भिंतीपर्यंत पोचतो, तिथलाही दाब वाढतो आणि आडवा जोर आपापसात कटतो. तोंडाच्या फार जवळ फवारलं तर दाब वाढलेला पट्टा भिंतीवर पुरता पसरायच्या आतच भिंत संपते. पद्धतीचा फायदा असा की हलतात फक्त व्हॉल्व्ह, म्हणून प्रतिसाद चपळ असतो. तोटा असा की द्रावण संपतं, त्याचं आणि टाक्यांचं वजन वाहावं लागतं, आणि प्रवाह दुप्पट केला तरी जोर दुप्पट होत नाही.

दुसरा टप्पा विकास इंजिनाचा, द्रव इंधनाचा, सुमारे ८०० किलोन्यूटन. इथे दहनकक्ष आणि नोझल मिळून आटोपशीर इंजिन आहे, टाकी वेगळी आहे. गिंबलच्या सांध्यावर टांगून दोन अक्षांत ±४° हलवणं सगळ्यात स्वस्त पडतं. किती स्वस्त? ४° कोनाला सरळ दिशेचा थ्रस्ट कोसाइन ४° पटीने उरतो, म्हणजे नुकसान पाव टक्क्याहूनही कमी. आणि आडवा जोर मिळतो ८०० गुणिले साइन ४°, जवळपास ५६ किलोन्यूटन. वापरून संपेल असं वेगळं द्रावण लागत नाही. ज्याला इंजिन हलवता येतं त्याने दुसरं काही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा टप्पा पुन्हा घन, पण फक्त सात टनांचा. नोझल लहान, म्हणून इथे लवचीक सांधा परवडतो. रबर आणि कडक धातूचे गोलाकार थर आलटून पालटून चिकटवलेले असतात. दाब सोसायला ते कडक असतात, बाजूला सरकायला मऊ. ±२° पुरतात, कारण तोवर दाट वातावरण मागे पडलेलं असतं आणि वाऱ्याशी झुंजायचं नसतं.

चौथ्यात साडेसात किलोन्यूटनच्या आसपासची दोन इंजिनं, दोन्ही ±३° हलतात. दोन असण्याचा मोठा फायदा रोलमध्ये (रॉकेटच्या स्वतःभोवती फिरण्यात) मिळतो, त्याबद्दल कुणीतरी लिहीलच.

आणि 'मोठ्या घन मोटरला लवचीक नोझल जमतच नाही का' असं कुणी विचारण्याआधी: जमतं. इस्रोच्याच एलव्हीएम३ रॉकेटच्या एस२०० मोटरला लवचीक नोझलच आहे आणि ती पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यापेक्षा मोठी आहे.

खूणगाठ
रोलबद्दल मी लिहितो, कारण लंबकच्या रिगमध्ये पहिली अडचण तीच येणार आहे.

मधोमध एकच नोझल असेल तर ते कसंही वळवा, रॉकेटला स्वतःभोवती फिरवणारं किंवा थांबवणारं बल मिळत नाही. बलाची रेषा अक्षातूनच जाते. म्हणून पीएसएलव्हीत प्रत्येक टप्प्याला रोलची वेगळी सोय करावी लागते. पहिल्या टप्प्यात द्रावणाच्या टाक्यांखाली छोटी द्रव इंजिनं बसवलेली असतात. दुसऱ्यात तप्त वायूच्या मोटरने रोल सांभाळतात. तिसरा टप्पा जळत असताना रोल सांभाळतो तो चौथ्या टप्प्याचा थ्रस्टर संच. आणि चौथा टप्पा स्वतः चालू झाला की दोन इंजिनं विरुद्ध दिशांना झुकवली की झालं, पिच (नाक पुढे-मागे कलणं), यॉ (नाक डावी-उजवीकडे कलणं), रोल तिन्ही त्या दोघांतच. इंजिन बंद असताना तरंगत जायच्या काळात ५० न्यूटनचे छोटे थ्रस्टर चालू-बंद करून दिशा धरली जाते.

सुखोई-३० एमकेआयमध्येही दोन इंजिनांचाच उपयोग केलाय. त्याच्या एएल-३१एफपी इंजिनाचं नोझल एकाच अक्षाभोवती ±१५° फिरतं, पण तो अक्ष ३२° तिरका बसवलाय आणि डाव्या-उजव्या इंजिनांत तो एकमेकांच्या आरशातला. दोन्ही नोझलं सारखी फिरवली की आडवे भाग कटतात आणि निव्वळ पिच मिळतो. वेगवेगळी फिरवली की यॉ आणि रोल मिळतात. एका अक्षाच्या यंत्रणेतून तिन्ही काढलेत, फार देखणं काम आहे. ही विमानं आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये जोडली गेली.

तुमच्या रिगला मात्र फॅन एकच आहे आणि तो फिरताना यानाला उलट दिशेने फिरवू पाहणार. म्हणजे रोलचं बल फॅन चालू होताक्षणी लागणार. गिंबलवर फॅन टांगलात तर रोलसाठी आणखी काहीतरी जोडावं लागेल. फॅनखाली चार झडपा लावल्या तर समोरासमोरची जोडी एका दिशेला वळवून पिच, दुसरी जोडी यॉ, आणि चारही एकाच फेराने वळवून रोल. तेव्हा झडपाच घ्या.

गिंबल टाळण्याचं आणखी एक कारण आहे. फॅन मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे फिरतो. अशा भिरभिरत्या चकतीला एका अक्षात कलवलं की ती काटकोनातल्या अक्षात जोर लावते. पिचची आज्ञा द्याल आणि यॉ हलेल. झडपांमध्ये चकती सर्व्होला (कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरला) हलवायची नसते, म्हणून सर्व्होवर तो भार येत नाही. अख्खं यान कलताना तो परिणाम राहतोच, पण कलण्याचा वेग कमी असला तर सांभाळता येतो.

जळत्या रॉकेटमध्ये झडपांचा प्रश्न वेगळा होता. व्ही-२ ला ग्राफाइटच्या झडपा ज्वाळेत ठेवाव्या लागल्या. त्या झिजत जायच्या आणि न वळवताही कायम थोडा थ्रस्ट खायच्या. तुमच्या गार हवेत ही भानगड नाही.

वातकुक्कुट
लंबक, झडपांचं ठरलंच असेल तर काही मापं.

झडपेची बिजागरी पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागावर ठेवा. हवेचा जोर साधारण तिथेच एकवटतो, म्हणून सर्व्होला कमी ताकद लागते. सपाट पत्र्यापेक्षा १२ टक्के जाडीचा सममित छेद चांगला. कोन १२° च्या पुढे नेऊ नका. त्यानंतर झडपेवरचा प्रवाह सुटतो आणि जास्त वळवूनही जोर घटतो. कंट्रोलर मग आणखी वळवतो, आणि यान आडवं होतं. मर्यादा सॉफ्टवेअरमध्येही घाला आणि सर्व्हो-झडप जोडणाऱ्या दांडीच्या मापातही.

सर्व्हो प्लॅस्टिक गिअरचा नऊ ग्रॅमी नको. त्याच्या गिअरमध्ये एक-दीड अंशाची ढिलाई असते. एकूण वापर १२° चाच असताना दीड अंश ढिलाई म्हणजे यान त्या पट्ट्यात कायम हेलकावे खात राहील, कितीही ट्यूनिंग करा. धातूच्या गिअरचा डिजिटल घ्या आणि दांडीच्या दोन्ही टोकांना बॉल-लिंक लावा.

मग उशिराचा हिशोब. साधा सर्व्हो सिग्नल ५० हर्ट्झचा, म्हणजे आज्ञा पोचायलाच २० मिलिसेकंदांपर्यंत वेळ. १०° वळायला वेगवान सर्व्होलाही १५ च्या आसपास. एकूण ३५ धरा. उशिरामुळे होणारी कला-पिछाडी (हेलकाव्यात प्रतिसाद आज्ञेच्या किती मागे पडतो ते) अंशांत म्हणजे ३६० गुणिले वारंवारता गुणिले उशीर. २ हर्ट्झला २५°, ५ हर्ट्झला ६३°. म्हणजे ५ हर्ट्झची चपळाई मागाल तर स्थिरतेची सगळी शिल्लक उशिरातच संपली. सर्व्होला ३०० हर्ट्झवर चालवता येत असेल तर चालवा, फरक लगेच दिसतो.

बॅटरी उतरली की थ्रस्ट घटतो आणि त्याच कोनाला मिळणारं बलही घटतं. म्हणून कंट्रोलरकडून थेट कोन मागू नका. आधी लागणारं बल-आघूर्ण (फिरवणारा जोर) काढा, मग त्याला थ्रस्ट आणि गुरुत्वमध्यापासूनच्या अंतराने भागून कोन काढा. मोठ्या रॉकेटमध्येही हेच करतात, फक्त तिथे इंधन जळत जाऊन वजन, जडत्व आणि गुरुत्वमध्य तिन्ही सरकत असतात, म्हणून वेळेनुसार गेनचे (चुकीला किती प्रतिसाद द्यायचा त्या पटींचे) तक्ते भरलेले असतात.

जडत्व
वरच्याला जोडून दोन सापळे सांगतो. रिगवर हे लक्षात येत नाहीत, मोकळ्या उड्डाणात येतात.

पहिला, अ‍ॅक्सिलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर. यान बिजागरीवर टांगून चाचणी घेता तेव्हा अ‍ॅक्सिलरोमीटर झुकाव बरोबर सांगतो, कारण वजन बिजागरीने पेललेलं असतं. यान मोकळं झालं की त्यावर गुरुत्वाखेरीज एकच बल उरतं, थ्रस्टचं, आणि ते यानाच्याच अक्षात असतं. अ‍ॅक्सिलरोमीटर गुरुत्व मोजत नाही, बाकीची बलं मोजतो. म्हणून यान वीस अंश कललेलं असतानाही तो 'सरळ आहे' असंच सांगणार. दोन्ही सेन्सर मिसळून कोन काढणारा तुमचा फिल्टर त्यावर विश्वास ठेवून जायरोचं (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं) बरोबर उत्तर हळूहळू पुसून टाकतो. उपाय: जमिनीवर स्थिर असताना अ‍ॅक्सिलरोमीटरने सुरुवातीचा कोन आणि जायरोचा शून्यबिंदू घ्या, सुटल्यावर फक्त जायरो बेरीज करत चला. तुमचं उड्डाण काही सेकंदांचंच असणार, तेवढ्यात जायरो फार भरकटत नाही.

दुसरा, इंटिग्रल, म्हणजे कंट्रोलर साठवत जातो ती झुकावाची बेरीज. यान पकडून ठेवलेलं असताना किंचित झुकाव असला तरी इंटिग्रल साठत जातो आणि झडपा एका टोकाला जाऊन बसतात. सोडताक्षणी यान त्या बाजूला उडी मारतं. इंटिग्रल सुटल्यानंतरच चालू करा आणि त्याला कमाल मर्यादा घाला.

मोठ्या रॉकेटमध्ये तिसरा सापळा असतो, तो प्रकल्पाच्या अहवालात नक्की लिहा. इंजिन स्वतः जड असतं. ते झटक्यात उजवीकडे हलवलं की त्याच्या जडत्वाची प्रतिक्रिया रॉकेटच्या शेपटीला डावीकडे ढकलते, थ्रस्टचा परिणाम दिसायच्या आधी. एका ठरावीक वारंवारतेला हे दोन जोर बरोब्बर कटतात आणि इंजिन हलूनही रॉकेट हलत नाही. त्यात टाक्यांमधल्या द्रवाचं हिंदकळणं आणि रॉकेटच्या अंगाचं वाकणं मिसळलं की जायरोला जे दिसतं ते निव्वळ रॉकेटचं कलणं राहत नाही. हिंदकळण्यासाठी टाकीत आडव्या कड्या घालतात, वाकण्याच्या वारंवारता फिल्टरने गाळतात, आणि जायरो कुठे बसवायचा हे वाकण्याचा आकार बघून ठरवतात.

हिशोबासाठी नमुना आकडे: थ्रस्ट ८०० किलोन्यूटन, गिंबल ते गुरुत्वमध्य ८ मीटर, जडत्व-आघूर्ण २४ लाख किलो-मीटर वर्ग. यातलं अंतर आणि जडत्व-आघूर्ण मी समजुतीसाठी धरलं आहे. १° ला आडवा जोर १४ किलोन्यूटन, आघूर्ण ११२ किलोन्यूटन-मीटर, कोनीय त्वरण ०.०४७ रेडियन, म्हणजे दर सेकंदाला सेकंदी २.७°. एका अंशात एवढं मिळतं. तरी चार अंशांची सोय लागते, कारण थ्रस्टची रेषा जोडणीत कधीच अगदी मधून जात नाही, टप्पा सुटताना धक्का बसतो, आणि बिघाडासाठी काहीतरी राखून ठेवावं लागतं.

लंबक
खूप नेमकी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. अ‍ॅक्सिलरोमीटरचं तर डोक्यातच नव्हतं, आमच्या कोडमध्ये नेमका तोच फिल्टर आहे. झडपाच घेतो. पण चालू करण्याआधी काय तपासावं ते राहिलं.

खूणगाठ
दिशा तपासा. बाकी सगळं नंतर.

१७ नोव्हेंबर २०२० चं युरोपच्या व्हेगा रॉकेटचं उड्डाण बघा. पहिले तीन टप्पे व्यवस्थित चालले. चौथ्या टप्प्याचं इंजिन पेटलं आणि रॉकेट भरकटलं. कारण निघालं ते असं: इंजिन हलवणाऱ्या दोन अ‍ॅक्च्युएटरांच्या केबल जोडणीत अदलाबदल झाली होती. एकाची आज्ञा दुसऱ्याला जात होती. स्पेनचा आणि फ्रान्सचा असे दोन उपग्रह गेले. इंजिन चांगलं, सॉफ्टवेअर चांगलं, अ‍ॅक्च्युएटर चांगले.

२ जुलै २०१३ ला रशियाच्या प्रोटॉनचं असंच झालं, तिथे यॉ मोजणारे सेन्सर उलटे बसवले गेले होते. रॉकेट उजवीकडे झुकतंय की डावीकडे हेच उलट कळत होतं.

आपल्याकडे २५ डिसेंबर २०१० ची जीएसएलव्ही-एफ०६. जीएसएलव्हीत पहिल्या टप्प्याचं वळण बाजूच्या चार द्रव इंजिनांच्या गिंबलवर अवलंबून असतं, मधली घन मोटर वळवत नाही. आज्ञा वरच्या उपकरण कक्षातून खाली येतात. वाटेत, रशियन क्रायोजेनिक टप्प्याच्या तळाशी असलेले दहा कनेक्टर ४७ सेकंदांनंतर निखळले. अ‍ॅक्च्युएटरांपर्यंत आज्ञा पोचणं बंद. पुढच्या काही सेकंदांत रॉकेट आडवं होऊन तुटू लागलं आणि ते नष्ट करावं लागलं. केबल कशी बांधली, कनेक्टरला ताण बसतो का, हे थ्रस्ट वळवण्याच्या यंत्रणेइतकंच महत्त्वाचं आहे.

तुमच्या रिगवर असं करा. फॅनची वीज काढलेली. फक्त कंट्रोलर आणि सर्व्हो चालू. यान हातात घ्या आणि नाक उजवीकडे कलवा. हवा कुठे फेकली गेली पाहिजे? शेपूट उजवीकडे जायला हवी, म्हणजे हवा डावीकडे. तर झडपेचं खालचं टोक डावीकडे गेलं पाहिजे. हे आधी कागदावर चित्र काढून लिहून ठेवा, मग बघा. उलट केलं तर 'हलतंय ना, ठीक आहे' असं वाटून जातं.

प्रत्येक अक्ष एकटा तपासा. दोन्ही अक्षांना एकदम सारखीच आज्ञा देऊन झडपा झुलवल्या तर केबलची अदलाबदल झालेली असूनही सगळं बरोबर दिसतं. पिचला ५°, यॉला शून्य. मग उलट. मग रोल: यान वरून बघत घड्याळाच्या दिशेने फिरवा, चारही झडपांनी त्याविरुद्ध फिरवणारा प्रवाह दिला पाहिजे.

आणि चारही सर्व्होंचे कनेक्टर एकसारखे असतात, हाच धोका आहे. रंगीत चिकटपट्टी पुरत नाही. तारांची लांबी अशी ठेवा की चुकीच्या जागी तार पोचणारच नाही. तपासणी झाल्यावर एक जरी कनेक्टर काढला तर सगळी तपासणी पुन्हा.

वातकुक्कुट
क्रम असा ठेवा. आधी वजनकाट्यावर फॅन उलटा बांधून थ्रस्ट मोजा, पूर्ण बॅटरीवर आणि अर्ध्या बॅटरीवर. मग झडपा लावून पुन्हा मोजा, त्या सरळ असतानाही थोडा थ्रस्ट खातात. १.८ किलोचे १.६ झाले तर तुमचं दीड किलोचं यान जेमतेम उचलेल, तेव्हा वजन आत्ताच १.३ च्या आत आणा. त्यानंतर गुरुत्वमध्यातून आडवी दांडी घालून एकाच अक्षात मोकळं सोडा. बिजागरी गुरुत्वमध्याच्या वर गेली तर यान लंबकासारखं आपोआप सरळ होतं आणि कंट्रोलर बिघडलेला असला तरी पास होतो. दांडी बरोबर गुरुत्वमध्यातच हवी, फॅन बंद असताना यान कुठल्याही कोनात थांबलं पाहिजे. दोन्ही अक्ष असे झाले की मगच वरून दोरीने सैल बांधून उचला. दोरी ताणली जात असेल तर ती चाचणी धरू नका, कारण ताणलेल्या दोरीनेच यान सरळ धरलेलं असतं.

फॅनच्या तोंडावर जाळी, डोळ्यांवर चष्मा, आणि बॅटरीच्या तारेत हाताशी येईल असा स्विच. रेडिओवरच्या बंद करण्याच्या बटणावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

लंबक
एक शेवटचं. रोल, पिच, यॉ तिन्हींची आज्ञा एकत्र आली आणि बेरीज १२° च्या वर गेली तर कुणाला आधी कापायचं?

जडत्व
रोलला. पिच-यॉ गेला तर यान पडतं, रोल गेला तर ते फक्त सावकाश फिरतं. पण रोल पूर्ण शून्यावर आणू नका, फॅनचं उलट बल सतत असतं आणि यान वेगाने फिरू लागलं की पिच आणि यॉ एकमेकांत मिसळतात. १२° पैकी ३° रोलसाठी राखून ठेवा, उरलेले ९° पिच-यॉला. आणि फॅनचं ते कायमचं बल झडपांवर टाकण्यापेक्षा फॅनच्या मागे डक्टमध्येच स्थिर तिरक्या पट्ट्या बसवून बरंचसं मारून टाका, मग ३° भरपूर होतात.